थॅलॅमसमधली केंद्रकं आणि त्यांची कामं लक्षात कशी ठेवायची? (फिजिओथेरपी, पहिलं वर्ष)

थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मधोमध बसलेलं, संवेदना वर कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) पोचवणारं ठाणं, आणि केंद्रकं म्हणजे त्यातले चेतापेशींचे गट. जेनिक्युलेट केंद्रकांची जोडी आधी उरका. लॅटरल म्हणजे लाइट (दृष्टी), मिडियल म्हणजे म्युझिक (श्रवण). ही युक्ती तुम्हाला सीनियर्सनी सांगितलीच असेल. मला बोलायचंय ते व्हीपीएल (व्हेंट्रल पोस्टेरोलॅटरल) या केंद्रकाबद्दल.

जांभळी नाक्यावर भाजी घेताना आईच्या डाव्या हातातून कोथिंबिरीची जुडी पडली आणि तिला कळलंच नाही. हात हलत होता, ताकदही होती, स्पर्श तेवढा गेला होता. एमआरआयमध्ये उजव्या थॅलॅमसमध्ये वाटाण्याएवढा ठिपका, म्हणजे स्ट्रोक. डाव्या अंगाची संवेदना उजव्या व्हीपीएलमधून वर कॉर्टेक्सला जाते, चेहऱ्याची शेजारच्या व्हीपीएममधून (व्हेंट्रल पोस्टेरोमिडियल). हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे बधिरपणा ओसरला, आम्ही निर्धास्त झालो.

तीन महिन्यांनी, ठाण्याच्या मे महिन्यात, आई म्हणाली, "पंखा बंद कर, हात भाजतोय." वाऱ्याने भाजतोय! पदर घासला तरी कळवळायची. ऐरोलीहून दादा आला, घामाने निथळत बसला आणि निकाल देऊन गेला: "हाताला काहीही झालेलं नाही. नाटकं आहेत."

हाताला झालेलं नव्हतंच, दादा, झालं होतं ते थॅलॅमसला. देजरीन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी हे दुखणं १९०६ मध्येच लिहून ठेवलंय. न्यूरोलॉजिस्टने अमिट्रिप्टिलिन दिली, तर दादाने नेटवर बघून फोन केला, "ही डिप्रेशनची गोळी आहे, म्हणजे माझंच खरं." अरे, तीच गोळी कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यावर देतात!

असो. बाकीची केंद्रकं: व्हीए (व्हेंट्रल अँटिरियर), व्हीएल (व्हेंट्रल लॅटरल) हालचालीचे, अँटिरियर स्मृतीचं, एमडी (मिडिओडॉर्सल) कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सशी जोडलेलं, पल्विनार नजर आणि अवधानाचं. रेटिक्युलर कॉर्टेक्सला काहीच पाठवत नाही, बाकीच्यांना लगाम घालतं. आणि वास थॅलॅमसला न विचारता थेट कॉर्टेक्सला पोचतो, तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात म्हणे.

उद्या तुमच्या टेबलावर कुणी म्हणालं की वारा भाजतो, तर आधी जुना स्ट्रोक विचारा. आणि नातेवाइकांना बाहेर बसवा, विशेषतः थोरल्या मुलाला.

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. थॅलॅमसच्या प्रत्येक स्ट्रोकनंतर असं दुखत नाही, आणि ते एकट्या व्हीपीएलमुळेच होतं असंही नाही. पुस्तकातून पडताळून घ्या.

आईचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. टेबलफॅन आता तिच्या उजव्या बाजूला असतो. दादा आला की अजूनही तो स्वतःकडे वळवून घेतो.