वाळणकोंड मधला ‘कोंड’ म्हणजे वाडी का डोह?

प्रश्न असा आलाय की महाडजवळच्या वाळणकोंड या नावातला कोंड म्हणजे नक्की काय, कारण विचारणाऱ्यांच्या गावाकडे कोंड म्हणजे वाडी, आणि इथे तर लोक नदीतले मासे बघायला जातात.

दोन्ही बरोबर आहे, फक्त शब्द दोन आहेत. तो कोंड म्हणजे वाडी, आणि ती कोंड म्हणजे नदीतली खोल जागा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८५७ची आवृत्ती) एकाच नोंदीखाली दोन्ही अर्थ दिलेत पण लिंग बदललंय, वाडीला पुल्लिंग आणि पाण्याला स्त्रीलिंग. त्यातच गोल कुंपण, गोट्यांच्या खेळातलं रिंगण असेही अर्थ आहेत, म्हणजे वाडीवाला कोंड कुंपण घालून कोंडलेल्या जागेवरून आला असणार, कोंडवाडा आठवा. पाण्यातली कोंड मात्र मला सरळ ‘कुंड’वरून आलेली वाटते, कारण मराठीत हे होतंच, तुंडचं तोंड झालं, शुंडाची सोंड झाली, तशी कुंडची कोंड.

आता जागा बघा म्हणजे शब्द आपोआप पटेल. काळ नदी रायगडाच्या मागून येते, एका अंगाला रायगड आणि दुसऱ्या अंगाला लिंगाणा न् घाटाची भिंत, मध्ये ही चिंचोळी नदी, आणि पुढे महाडजवळ ती सावित्रीला मिळते. लांबी काही फार नाही. पावसाळ्यात वरून बोराट्याच्या नाळेसारख्या घळींतनं जे पाणी येतं ते दगडगोटे घेऊन येतं, गोटे एकाच जागी गरागरा फिरतात आणि काळा कातळ खरवडून खड्डा करतात, वर्षानुवर्षं हेच. मग मार्च-एप्रिलला नदीची धार तुटते, सगळीकडे नुसते धोंडे दिसतात, पण या खोलगट जागा भरलेल्याच राहतात. नदीतले मासे उन्हाळाभर तिथेच जगतात. वाळणला तर देवीचे मासे म्हणून कोणी गळ टाकत नाही, महसीर जातीचे आहेत, मी झुलत्या पुलाजवळ उभा राहून कुरमुरे टाकले तर आधी काहीच नाही, मग पाणी एकदम काळपट झालं आणि हाताएवढाली तोंडं वर आली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “कोंडीत उतरू नको हां.” बघा, कोंडीत! कोंडात नाही. माझ्यासाठी तिथेच लिंगाचा निकाल लागला.

डोह आणि कोंड यात फरक काय हेही कोणीतरी विचारलंच असतं म्हणून लिहितो. डोह कुठेही असतो, चिखलमातीच्या काठाचाही, वळणावर पाणी संथ खोल झालं की डोह (हा ‘ह्रद’वरून आलाय, हिंदीतला दह तोच). कोंड म्हटलं की मला तरी कातळाच्या कडा डोळ्यासमोर येतात. देशावर निघोजला कुकडीत असेच खळगे आहेत, पण तिकडे त्यांना कोंड नाही म्हणत, कुंड किंवा रांजणखळगे म्हणतात. म्हणजे घाटावर कुंड राहिलं, खाली उतरून त्याची कोंड झाली.

आणि हो, तुमच्या गावचा कोंड वाडीच आहे, तिथे मासे शोधू नका.