कॅप्टनच पाण्यात पडला तर?

ताई, आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. लेक सेंट क्लेअरवर मुलांना घेऊन फिरायला जुनी बोट घ्यायची आहे. दोन पसंत पडल्यात. एक 18 फुटी बोरायडर (पुढच्या नाकातही बसायला जागा असते ती), स्टर्नड्राइव्हची, म्हणजे इंजिन आत आणि पंखा मागे बाहेर, मस्त पळते. दुसरी 20 फुटी पाँटून, पोकळ नळ्यांवर तरंगणारी, सपाट, ऐसपैस. मुलांना तीच हवी. किंमत सारखीच. बायकोला पोहता येत नाही, पण तिची हरकत नाही. भाड्याच्या बोटीवरही ती फक्त काठाला बांधायची दोरी धरते, बाकी सगळं मी बघतो. कुठली घेऊ?
– गोंधळलेला नवरा

अरे, बाकी सगळं तू बघतोस, आणि तूच पाण्यात पडलास तर?

सेंट क्लेअर उथळ, सरासरी जेमतेम 11 फूट. वारा सुटला की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. एका धक्क्याला तोल गेला की तू बाहेर. किल-स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी अंगाला अडकवलेली असेल तर इंजिन बंद पडेल. नसेल तर तीच बोट घिरट्या घालत तुझ्या अंगावर येऊ शकते. बंद पडली तरी वारा तिला लांब नेणार, तू कितीही हात मार. बोटीत दोन घाबरलेली पोरं, आणि चावी कशी फिरवायची हेसुद्धा जिला कधी दाखवलं नाहीस ती बायको.

तिची हरकत नाही हे तुला कुणी सांगितलं? तिनेच, की ती गप्प बसली आणि तू सोयीचं ऐकलंस?

अर्थात तिलाही मी सोडणार नाही. ‘तुमचं तुम्ही बघा’ हे घरातल्या फर्निचरबद्दल ठीक आहे. पोटची पोरं बोटीत असताना नाही.

तुमच्या मिशिगन राज्यात 1 जुलै 1996 पासून पुढे जन्मलेल्यांना मोटरबोट चालवायला सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. तुम्ही बहुधा त्याआधीचे, म्हणून सुटलात. तरी तिने तो कोर्स करायचाच. ऑनलाइन होतो. तूही कर, तुझ्या फुशारकीवर माझा भरवसा नाही.

मग दोन्ही मालकांकडे पाण्यातली ट्रायल माग, मालक सोबत हवा आणि स्टिअरिंगवर ती. तू मागे बसायचं, तोंड मिटून. लाइफ जॅकेट सगळ्यांना. मोकळ्या पाण्यात तरंगणारी उशी फेक आणि तिला ती परत आणू दे: वळसा घेऊन, वाऱ्याकडे तोंड करून, अगदी हळू. उशी हाताशी आली की इंजिन बंद, कारण उशीच्या जागी माणूस असेल तेव्हा पंखा फिरता ठेवून चालत नाही. पाँटूनला वारा ढकलतो, बोरायडर हळू चालवताना नाक इकडेतिकडे करते. कुठली आपल्याला आवरते ते तिचं तिला तिथेच कळेल. तीच घे. (बोरायडर ठरली तर स्टर्नड्राइव्हचे रबरी बेलोज, म्हणजे भात्यासारखी घडीची आवरणं, कधी बदललेत ते विचार. ते फाटले की पाणी आत.)

मुलं आणि वेग दोन्ही नंतर. दोन्ही बोटींवर तिला जमलं नाही तर यंदा बोट नाही. त्या पैशातून तिला पोहण्याच्या क्लासला घाल.