एकच लाल ठिपका दिसला तर

प्रिय मित्रा,

तू पाठवलेलं फिश तपासणीचं, म्हणजे गुणसूत्रांवर चमकते ठिपके पाडून बघतो त्याचं, चित्र बराच वेळ पाहत बसले. पेशीच्या निळ्या केंद्रकात दोन हिरवे ठिपके, लाल मात्र एकच. खाली तू लिहिलंस, ‘२२व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला आहे.’ असेलही. पण एका केंद्रकावरून एवढं मोठं विधान करू नकोस. ते कुणाच्या तरी बाळाच्या रिपोर्टात जाणार आहे.

प्रोब म्हणजे ठरावीक डीएनएलाच चिकटणारा चमकता तुकडा. लाल प्रोब २२व्या गुणसूत्राच्या २२क्यू११.२ या भागावर बसतो आणि हिरवा त्याच गुणसूत्राच्या टोकाकडे. दोन्ही हिरवे दिसले, म्हणजे दोन्ही गुणसूत्रं तिथे आहेत आणि प्रोब त्यांच्यापर्यंत पोचला, एवढी खात्री पटते. लाल प्रोब नीट बसला का, हे त्या हिरव्यावरून कळत नाही. ते बाकीच्या केंद्रकांत आणि सोबत चालवलेल्या निरोगी नमुन्याच्या स्लाइडवर शोधायचं. निरोगी स्लाइडवरही लाल ठिपके गळत असतील, तर दोष नमुन्यात नाही, आपल्या कामात आहे.

सुरुवातीच्या दिवसांत मी हेच चुकले होते. वॉटर बाथवर ७३ अंश दिसत होते, पण आत एकदम बऱ्याच स्लाइड सोडल्यामुळे जारमधलं, डीएनएचे पदर सोडवणारं फॉर्मामाइडचं द्रावण थंड पडलं होतं. ते पदर पुरते सुटलेच नाहीत, मग प्रोब बसणार कुठे? तेव्हापासून मी तापमान जारच्या आत थर्मामीटर घालून मोजते. तूही तसंच कर.

दुसरी गोष्ट फोकसची. केंद्रक चपटं दिसतं, पण त्याला खोली असते. १०० एक्स ऑइल लेन्सच्या फोकसमध्ये जेमतेम एक मायक्रॉनचा थर येतो, त्यामुळे दुसरा लाल ठिपका वर किंवा खाली लपलेला असू शकतो. फोकसचा स्क्रू हळूहळू फिरवत पूर्ण केंद्रक पार कर, मगच मोज. चित्राच्या याच सपाटपणामुळे उलटी फसगतही होते. बीसीआर-एबीएलच्या, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात जोडल्या जाणाऱ्या दोन जनुकांच्या, तपासणीत लाल आणि हिरवा ठिपका योगायोगाने एकावर एक आले, की जोड झाल्यासारखा पिवळा दिसतो. म्हणून निरोगी नमुन्यांवरून अशी फसवी केंद्रकं किती चालतील, याची मर्यादा प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः ठरवायची असते.

एक्स्पोजरचंही बघ. तुझ्या चित्रातले हिरवे ठिपके इतके फुगलेत, की कॅमेऱ्याचे पिक्सेल भरून वाहिले असावेत. १२ बिटच्या कॅमेऱ्यात ४०९५च्या पुढे आकडाच नाही. जवळचे दोन ठिपके तिथे एकच गोळा होतात. फोटो काढताना लाल आधी, मग हिरवा आणि केंद्रकाचा निळा रंग, डॅपी, शेवटी घे, कारण डॅपीसाठी लागणाऱ्या अतिनील प्रकाशाने बाकीचे रंगही विटतात. जागा शोधतानाही प्रकाश मंदच ठेव.

मेटाफेज, म्हणजे विभाजनाच्या मध्यावर असलेल्या पेशी, मिळाले तर फारच छान. तिथे गुणसूत्र डोळ्यांसमोर सुटं असतं. हिरवा आहे आणि त्याच गुणसूत्रावर लाल नाही, असं स्पष्ट दिसतं. असे मेटाफेज शोधायला दुपार गेली तरी जाऊ दे.

स्लाइड अंधारात, थंड ठेवली असशीलच. उद्या नव्याने मोज, आकडे कागदावर लिही आणि पाकिटात घालून ठेव. मी ते न बघता तीच स्लाइड मोजेन. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून रिपोर्ट लिहू.

तुझी,
ताई