आठवड्याचे तास मोज

तुझी मेल दोनदा वाचली. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा जरा रागच आला. एवढ्या लांबलचक मेलमध्ये '16 महिने' सहा वेळा आलंय आणि आठवड्याला किती तास लागतील, हे एकदाही नाही. नर्सिंग चांगलं की वाईट, तुला जमेल की नाही, यावर मी काही लिहीत नाही. ते तुझं ठरलंय आणि योग्य ठरलंय. प्रश्न एवढाच आहे की आधीच दुसऱ्या विषयाची पदवी असणाऱ्यांसाठीचा हा 16 महिन्यांचा झटपट बीएसएन (नर्सिंगची पूर्ण पदवी) करायचा, की कम्युनिटी कॉलेजातून आधी एडीएन (नर्सिंगची छोटी पदवी) करून आरएन, म्हणजे लायसन्सवाली नर्स, व्हायचं आणि बीएसएन नंतर पुरं करायचं.

झटपट कोर्समध्ये महिने कमी होतात, तास होत नाहीत. अमेरिकेत हे कोर्स साधारण 11 ते 18 महिन्यांचे असतात. तुझी पहिली पदवी आहे म्हणून भाषा, इतिहास वगैरे सामान्य विषय माफ होतात, बाकी नर्सिंगचं सगळं तसंच राहतं. क्लिनिकलचं, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाचं, एक क्रेडिट म्हणजे बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला 45 तास, मग ते पंधरा आठवड्यांत करा नाहीतर आठ. कायदासुद्धा महिने मोजत नाही. कॅलिफोर्नियाचं नर्सिंग बोर्ड प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान 500 तास मागतं, कोर्स कितीही छोटा असला तरी.

आता कागद घे. आठवड्याचे तास 168. वर्ग 12 तास, स्किल्स लॅब 4, बारा-बारा तासांचे दोन क्लिनिकल म्हणजे 24. वर्गाच्या एका तासामागे घरचे दोन तास धरायचे, ते 24. केअर प्लॅन आणि रुग्णाची आदल्या दिवसाची तयारी 6, जाणं-येणं 5. झाले 75. झोप रोज सात तास, म्हणजे 49. उरले 44, दिवसाला सव्वासहा. त्यात स्वयंपाक, अंघोळ, कपडे, लेकीला भरवणं, झोपवणं, नवऱ्याशी चार शब्द. आता तू म्हणतेस तशी लॅबची शनिवार-रविवारची 24 तासांची नोकरी त्यात घाल. उरले 20. दिवसाला तीन तासही नाहीत. मग काय होतं ते ठरलेलं आहे. आधी झोप कापली जाते, मग अभ्यास. आणि क्लिनिकलचा दिवस तुझ्या सोयीने मिळत नाही. हॉस्पिटल ज्या दिवशी विद्यार्थी घेईल तो दिवस; तो शनिवारही असतो आणि रात्रही असते.

सासूबाई येणार आहेत, असं लिहिलंस. त्यांचा फार आधार होईल, खरंच. पण व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिनेच राहता येतं. उरलेल्या दहा महिन्यांचं काय? क्लिनिकलला पावणेसातला युनिटवर उभं राहायचं असतं आणि बरीच डे-केअर सातच्या आधी दार उघडत नाहीत. तो मधला वेळ कोणाचा, हे आत्ता ठरवायला हवं. तास मोज म्हणते ते यासाठी.

पैशाचाही हिशेब शेवटी तासांपाशीच येतो. पहिली पदवी असलेल्यांना पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, मिळत नाही. स्वतंत्र (आईवडिलांवर अवलंबून नसलेली) विद्यार्थी म्हणून सरकारी कर्ज तिसऱ्या वर्षापासून वर्षाला जास्तीत जास्त 12,500 डॉलर आणि पदवीपूर्व शिक्षणासाठी आयुष्यभराचं मिळून 57,500. खाजगी कॉलेजची फी त्यात बसत नाही, मग खाजगी कर्ज किंवा नोकरी. नोकरी धरली की वरचा कागद पुन्हा वाच. म्हणून फायनान्शियल एड ऑफिसला नेमकं विचार: तुमचे 16 महिने कर्जाच्या किती वर्षांत मोडतात? सरकारची नर्स कोअर शिष्यवृत्ती फी आणि दरमहा स्टायपेंड देते. बदल्यात पदवीनंतर नर्सांची टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं काम करावं लागतं. हॉस्पिटलं फी भरतात तेव्हाही करार असतो. सोडून गेलात तर पैसे परत करण्याचं कलम सही करण्याआधी वाचायचं.

तुझ्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. तुझी बी.एस्सी. तीन वर्षांची आहे. काही मूल्यांकन संस्था तिला इथल्या चार वर्षांच्या पदवीबरोबर धरतात, काही तीनच वर्षं मोजतात. कॉलेज कोणत्या संस्थेचा अहवाल मान्य करतं ते आधी विचार आणि विषयवार मूल्यांकन करून घे, नुसतं पदवीचं नको. मायक्रोबायोलॉजी तुझी पक्की आहे हे मला माहीत आहे, पण बऱ्याच कॉलेजांत विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांनी शिळे धरले जातात आणि प्रॅक्टिकलचं क्रेडिट वेगळं दाखवावं लागतं. ते मान्य झाल्याचं लेखी घे. फोनवर कोणी 'चालेल' म्हणालं, ते चालत नाही.

अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी मात्र तू केलेलीच नाहीस. दोन भाग, लॅबसकट, एकामागून एक. तुला सीट मिळाली आहे ती अटीवर: हे दोन्ही भाग जानेवारीच्या आत, चांगल्या ग्रेडने. म्हणजे समर आणि फॉल ही दोन सेमिस्टर त्यातच गेली, आणि तुझे 16 महिने झाले दोन वर्षं. एडीएनला हेच विषय लागतात. पुढची चार सेमिस्टर ऑगस्ट ते मे धरली तर 21 महिने, मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीसकट. दोन्ही कोर्सच्या लांबीतला फरक पाच महिन्यांचा निघाला, ऑगस्टची वाट बघण्याचे महिने वेगळे. या पाच महिन्यांसाठी तू आठवड्याला 75 तास मोजणार आहेस. मोजशील तर बिनधास्त मोज, पण कशासाठी मोजते आहेस ते डोळ्यांसमोर असू दे. लायसन्सची एनक्लेक्स परीक्षा दोन्ही कोर्सना एकच, आरएनचं लायसन्स एकच. मोठी हॉस्पिटलं बीएसएनला पसंती देतात हे खरं आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये तर 2017 च्या कायद्याने नव्या आरएनला दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं. पण दहा वर्षांत. पगार घेत घेत, पुष्कळदा हॉस्पिटलच्या पैशाने ते करता येतं.

शिकण्याचं काय होतं तेही सांगते, कारण 'मी अभ्यासात हुशार होते' या तुझ्या वाक्यावर माझा सगळ्यात कमी भरवसा आहे. हुशार मुलीच पहिल्या परीक्षेत आपटतात. मायक्रोबायोलॉजीत प्रश्नाला एक उत्तर बरोबर असतं. इथे चारही पर्याय बरोबर असतात आणि विचारलेलं असतं, आधी काय करशील? चार रुग्णांपैकी कोणाच्या खोलीत आधी जाशील? पाठांतर उपयोगी पडत नाही, शेकडो प्रश्न सोडवून, चुकून, का चुकलं ते वाचून मग डोकं त्या वळणावर येतं. त्याला तास लागतात. पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये पहिली परीक्षा बिघडली तर सावरायला महिना मिळतो. आठ आठवड्यांच्या सत्रात पहिली परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते आणि निकाल हातात पडेपर्यंत दुसरी दारात असते. पासाची रेषा बहुतेक ठिकाणी 75 ते 78 टक्के. 77.4 चे 78 कोणी करत नाही. एका विषयात गेलीस की पुढच्या कोहॉर्टची, म्हणजे तुकडीची, वाट बघायची, तीही जागा असली तर. दुसऱ्यांदा गेलीस तर बऱ्याच कॉलेजांत नाव कापलं जातं. मग कुठले 16 महिने?

औषधाच्या मात्रेच्या परीक्षेचंच उदाहरण घे. बरीच कॉलेजं त्यात 90 किंवा थेट 100 टक्के मागतात आणि मर्यादित संधी देतात. एक गणित करून दाखवते. हेपॅरिन, ताशी किलोमागे 18 युनिट. पिशवी 250 मिलीची, त्यात 25,000 युनिट, म्हणजे मिलीला 100. रुग्णाचं वजन 154 पौंड. भागिले 2.2, झाले 70 किलो. 70 गुणिले 18, ताशी 1,260 युनिट. पंप लावायचा ताशी 12.6 मिलीवर. सोपं आहे, सहावीतल्या मुलाला येईल. आता पाच तास झोपलेली मुलगी पौंडाचे किलो करायला विसरते: 154 गुणिले 18, 2,772 युनिट, पंप 27.7 वर. रक्त पातळ करणारं औषध दुपटीहून जास्त. गणित तिला येत होतं. तिच्याकडे झोपेचे तास नव्हते. हेपॅरिनसारख्या औषधाला दोन नर्सांनी स्वतंत्रपणे हिशेब तपासायची रीत आहे, ती याचसाठी.

हाताच्या कामाचंही तेच. बाईला लघवीची नळी (कॅथेटर) घालताना एका हाताने लेबिया, म्हणजे योनीमुखाच्या कडा, बाजूला धरून ठेवायच्या असतात. तो हात तिथे लागला तेव्हाच अशुद्ध झाला आणि नळी आत जाईपर्यंत हलवायचा नसतो; सगळं काम दुसऱ्या, निर्जंतुक हाताने. वाचायला अर्धं मिनिट. तरी चेक-ऑफला, म्हणजे हाताच्या कामाच्या परीक्षेला, डावा हात सवयीने नळीकडे जातो आणि प्राध्यापक म्हणतात, थांब. ही सवय जाण्यासाठी लॅबच्या खुल्या वेळात वीस वेळा करावं लागतं. ज्या मुली लॅबमधून थेट नोकरीवर पळतात त्यांची ती वीस वेळा होत नाहीत.

मी विद्यार्थ्यांना घाबरवते असं म्हणतात. म्हणोत. ज्यांना हा हिशेब वेळेवर सांगायला हवा होता आणि मी नुसतं 'जमेल गं' म्हणून पाठीवर हात ठेवला, ते चेहरे मला अजून आठवतात. मी संथ मार्गाची वकील नाही. जिच्या अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीला दोन वर्षंही झालेली नाहीत, जिच्याकडे कोर्सचा आणि वर तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, कारण पदवीनंतर लायसन्स आणि पहिली नोकरी यांत तेवढे जातातच, आणि जिच्या घरी कोणीतरी मुलाला पूर्णवेळ बघणारं आहे, तिने झटपट कोर्सच करावा. तिला मी उद्याच फी भरायला सांगेन. तुझा कागद आज तसा दिसत नाही, एवढंच म्हणते.

तरीही तिथेच जायचं असेल तर कॉलेजला काय विचारायचं ते लिहून घे. स्टेट बोर्डाची मान्यता आहे का, आणि सीसीएनई किंवा एसीईएन या दर्जा तपासणाऱ्या संस्थांचं अ‍ॅक्रेडिटेशन आहे का. पहिली लायसन्ससाठी, दुसरं पुढे मास्टर्सला उपयोगी. जाहिरातीतला एनक्लेक्सचा 95 टक्के निकाल बघून भुलू नकोस. समज, 60 जणी आत आल्या, 41 वेळेवर बाहेर पडल्या आणि त्यातल्या 39 पहिल्या फटक्यात पास झाल्या. निकाल 95 टक्के, पण आत आलेल्यांपैकी 65 च. म्हणून विचार: मागच्या तीन कोहॉर्टमध्ये किती आल्या, वेळेवर किती बाहेर पडल्या? शेवटची एक्झिट परीक्षा पास झाल्याशिवाय पदवी अडवता का? क्लिनिकलचे किती तास रुग्णाशेजारी आणि किती सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पुतळ्यांवरच्या सरावात? निम्म्यापर्यंत सिम्युलेशन चालतं, असं 2014 च्या राष्ट्रीय अभ्यासात दिसलं होतं; त्यापुढे जात असतील तर कारण विचार. ऑनलाइन म्हणवणाऱ्या कोर्समध्ये क्लिनिकल कुठल्या हॉस्पिटलात, किती मैलांवर, हेही. उत्तर द्यायला जे कां-कूं करतील त्यांच्यावर फुली मार.

तुझ्याकडे ग्रीनकार्ड आहे म्हणून व्हिसाचा फाटा तुझ्या वाटेत नाही. तुझी ती मैत्रीण एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर हाच कोर्स करायचं म्हणतेय, तिला मात्र सांग: साध्या आरएनच्या नोकरीला एच-1बी व्हिसा सहसा मिळत नाही आणि भारतात जन्मलेल्यांची ईबी-3 ची, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीनकार्डाची, रांग कित्येक वर्षांची आहे. फी भरण्याआधी तिने वकिलाला भेटावं.

एक गोष्ट मात्र महिन्यांनीच मोजावी लागते. हेपॅटायटिस बीचे तीन डोस 0, 1 आणि 6 व्या महिन्याला असतात. टायटर (रक्तातली प्रतिकारशक्तीची पातळी) कमी आला तर कदाचित पुन्हा घ्यावे लागतील, म्हणून तो रक्ततपास आत्ताच कर. सोबत गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची टीबीची कातडीवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि धावपळ. रक्तातली आयजीआरए चाचणी चालेल का विचार आणि तीच करून घे.

डिपॉझिट शुक्रवारपर्यंत भरायचंय म्हणालीस. बहुतेक ठिकाणी ते परत मिळत नाही. आधी त्यांना मेल टाकून मे महिन्याची किंवा पुढची सीट मिळते का विचार. आणि या समरमध्ये कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग घे, मुद्दाम आठ आठवड्यांचा, नोकरी चालू ठेवून. रोज रात्री वहीत लिही: वर्ग किती तास, वाचन किती, झोप किती, लेकीजवळ किती. चौथ्या आठवड्यानंतर ती वही मला पाठव, मग बोलू.