नाताळात घरच्यांसोबत चिंतनासाठी कोणतं अभिजात साहित्य वाचावं? (आम्ही जालन्याचे)

गोव्यात राहिलेले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' घ्या, म्हणजे बायबलची कथा मराठी काव्यात. १६१६ साली छापलेलं, आणि सगळं ओवीत. पैठणच्या नाथांच्या ओव्या कानावरून गेलेल्या माणसाला ही चाल परकी वाटत नाही. त्याचे दोन भाग आहेत. पहिलं पुराण बायबलच्या जुन्या कराराचं; ते सध्या राहू द्या, ख्रिस्तजन्मासाठी थेट दुसरं उघडा. भाषा जुनी आहे, अडखळायला होतं. म्हणून एकानं पाच-सहा ओव्या मोठ्यानं म्हणाव्यात, दुसऱ्यानं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला तोच प्रसंग वाचावा. कवीनं काय वाढवलं, यावरच गप्पा रंगतात. आजी असतील तर म्हणायचं काम त्यांच्याकडेच द्या!

पोरं कंटाळली तर इंग्रज कादंबरीकार डिकन्सची १८४३ची नाताळकथा 'अ ख्रिसमस कॅरल' आहेच. पाचच भाग, पण त्यातल्या म्हाताऱ्या स्क्रूजचा कंजूषपणा घाईत उरकू नका.