मुस्लिम मुलांना गोष्टींतली नीतिमूल्यं ओळखायला कसं शिकवावं?

तुमचा मुलगा पाचवीत आहे, मराठी शाळेत जातो, गोष्टींची पुस्तकं भराभर संपवतो. त्यातून दीनच्या, म्हणजे धर्माच्या, दृष्टीने त्याच्या हाती काही लागतं का, आणि पूजा-नवस येणाऱ्या गोष्टी त्याला वाचू द्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. वर्गात तडवी (मुस्लिम भिल्ल समाजातली) आणि इतर मुस्लिम मुलं बरीच असतात.

आधी ‘तात्पर्य काय?’ विचारणं सोडा. ‘नेहमी खरे बोलावे’ एवढं म्हणून मुलं मोकळी होतात. गोष्ट मध्येच थांबवा, अगदी जिथे पात्र पेचात पडलंय तिथे. विचारा, ‘आत्ता कुणी बघत नाहीये, हा काय करेल? तू काय केलं असतंस?’

दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याची गोष्ट मी अशीच अर्ध्यावर थांबवली होती. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, कापूस मोजताना व्यापारी काटा मारतो, तसंच ना?’ तिचे वडील शेतकरी. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘शुऐब अलैहिस्सलाम यांची कौमपण मापात मारायची!’ मक्तबमध्ये, म्हणजे धार्मिक शिक्षणाच्या वर्गात, पैगंबर शुऐब आणि त्यांच्या लोकांविषयी ऐकलेलं त्याने स्वतःहून जोडलं. मग मी खलिफा हजरत उमर यांच्या काळातल्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. आई म्हणते, दुधात पाणी घाल, उमर थोडेच बघतायत? मुलगी म्हणते, उमर नाही, पण अल्लाह बघतोय. त्या तासाला फळ्यावर मी एक अक्षर लिहिलं नाही.

गोष्टीतून शिकवणं आपल्याला परकं नाहीच. कुरआनातली 12वी सूरह, सूरह यूसुफ, 111 आयतींची आहे आणि ती जवळजवळ सगळी एकच गोष्ट सांगते. भावांचा मत्सर, विहीर, खोट्या रक्ताचा सदरा, काही लपवलेलं नाही. हाती सत्ता आल्यावर यूसुफ अलैहिस्सलाम त्याच भावांना माफ करतात. म्हणून पुस्तकातल्या वाईट पात्रांना घाबरू नका. हा असा का वागला, याच्यावर मुलाशी मनसोक्त बोला, आणि घरी जी भाषा बोलता तीतच बोला. आमच्याकडे बऱ्याच तडवी घरांत उर्दू नसते, त्याने काही बिघडत नाही.

पूजेचा प्रसंग आला की सरळ सांगा, ही त्यांची श्रद्धा, आपला अकीदा, म्हणजे आपली श्रद्धा, वेगळा. तेवढ्यासाठी पुस्तक काढून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ‘श्यामची आई’च घ्या. साने गुरुजी आपल्याच अमळनेरला शिक्षक होते आणि इस्लामवरही त्यांनी आपुलकीने लिहिलंय. अंघोळ झाल्यावर श्यामला तळव्यांना माती लागायला नको असते. आई पदर पसरते आणि सांगते, पायांना जपतोस तसं मनालाही जप. नमाजाआधी वुजू करणाऱ्या, म्हणजे हातपाय-तोंड धुणाऱ्या, मुलाला हे चटकन कळतं. ‘वुजू झालं आणि लगेच धाकट्या भावाला शिवी दिली, तर?’ एवढंच विचारा आणि थांबा. गप्प बसला तर बसू द्या.

प्रत्येक गोष्टीला मात्र हदीस चिकटवू नका. माकडाच्या फजितीवर त्याला नुसतं हसू द्या, नाहीतर तो तुमच्यासमोर पुस्तक उघडणार नाही. आणि त्याचं उत्तर तुम्हाला पटलं नाही तर ‘चूक’ म्हणण्याआधी ‘असं का वाटलं तुला?’ हे विचारा.