वाचकांचे प्रश्न: बर्फातच गढूळ होणारी नळी

प्रश्न: मी मुलुंडला राहते, एम.एस्सी. करते. हॅलोफेरॅक्स व्होल्कॅनी या खारट पाण्यातल्या आर्कियाच्या (जिवाणूंपेक्षा वेगळ्या एकपेशीय जिवाच्या) एका प्रथिनाला लिपिड जोडलं जातं का, हे ट्रायटन एक्स-114 वापरून बघतेय. हे डिटर्जंट थंडीत पाण्यात मिसळतं, गरम केलं की वेगळा थर होतो आणि लिपिड लागलेली प्रथिनं त्या थरात जातात. पण नळी बर्फातच दुधाळ होते आणि प्रथिन दोन्ही थरांत सापडतं. लिपोबॉक्समधल्या (लिपिड जोडण्याच्या जागेतल्या) सिस्टीनऐवजी सेरीन घातलेला, म्हणजे लिपिड लागू नये असा नमुनाही तसाच वागतो. कुठे चुकतंय?

उत्तर: बहुधा मीठ राहून जातंय. ट्रायटन एक्स-114 साधारण 22 अंश सेल्सिअसला वेगळं होऊ लागतं. मीठ वाढलं की हे तापमान खाली घसरतं. हॅलोफेरॅक्सच्या माध्यमात लिटरला 144 ग्रॅम मीठ असतं, त्यातलं थोडं उतरलं तरी पुरे. शिवाय खारं पाणी जड असल्यामुळे डिटर्जंटचा थर तळाशी न बसता वर तरंगू शकतो, आणि आपण भलताच थर उचलतो.

पेशींचा गोळा 10 मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये (पीएच 7.5) घाला. मीठ गेलं की या पेशी आपोआप फुटतात. डीएनएमुळे द्रावण लाळेसारखं ताणलं जाईल. चिमूटभर डीएनएज (डीएनए तोडणारं विकर) आणि 5 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घाला. सेंट्रीफ्यूजमध्ये 1,00,000 जी वर (गुरुत्वाच्या तितक्या पट) तासभर फिरवून पेशीपटल गोळा करा, 150 मिलिमोलर मीठ असलेल्या ट्रिसने धुवा, पुन्हा फिरवा. मग 2 टक्के ट्रायटन घालून तासभर बर्फात. न विरघळलेलं 4 अंशांवर फिरवून काढलंत की वरचं द्रावण स्वच्छ दिसायलाच हवं. दिसलं नाही तर पुढे जाऊ नका, पटल परत धुवा. नंतर 37 अंशांवर 10 मिनिटं, आणि कोमट सेंट्रीफ्यूजमध्येच फिरवा. थंड यंत्रात थर पुन्हा एकमेकांत मिसळतात. तळाला तेलकट थेंब दिसेल. मुंबईच्या मे महिन्यात नळी बर्फाबाहेर मिनिटभरही ठेवू नका.

आता सेरीनचा नमुना. सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाच्या सुरुवातीचा, एरवी कापला जाणारा तुकडा) कापलं गेलं नाही तर प्रथिन त्याच्याच आधाराने पटलाला धरून राहू शकतं. म्हणून नुसता थर पाहून निकाल देऊ नका, जेलवर दोघांचे आकार शेजारीशेजारी पाहा. आम्लधर्मी असल्याने ही प्रथिनं जेलवर हळू सरकतात, त्यामुळे मार्करवरून (माहीत वजनाच्या प्रथिनांवरून) वजन ठरवू नका.

प्रश्न: हेच प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवून तपासलं तर?

उत्तर: उपयोग नाही. ई. कोलाय एलजीटी या लिपिड जोडणाऱ्या विकराने मेदाम्लांचं लिपिड चढवतं. हॅलोफेरॅक्सच्या पटलात ईथर बंधांचं आर्किऑल हे वेगळंच लिपिड असतं, आणि त्याच्या जनुकांत एलजीटीचा भाऊबंद सापडत नाही.